साखरेला मोकळी वाट, माणसाला पाच वर्षांचा करार



हवाई म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? निळा समुद्र, गळ्यात फुलांच्या माळा, कुणाच्या तरी हनिमूनचे फोटो. इतिहासाची आवड असलेल्यांना पर्ल हार्बर आठवेल. पण दीडशे वर्षांपूर्वी हवाई अमेरिकेचा भाग नव्हता. पॅसिफिक महासागराच्या मधोमध असलेला तो एक स्वतंत्र देश होता. त्याला राजा होता, लिखित संविधान होतं, विधिमंडळ होतं, न्यायालयं होती, स्वतःची टपाल तिकिटंसुद्धा होती. मोठ्या देशांनी त्याचं स्वातंत्र्य मान्य केलं होतं.

हा देश संपला कसा, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एका वाक्यात मिळतं: १८९३ साली राणीला पदच्युत केलं आणि १८९८ साली अमेरिकेने तो ताब्यात घेतला. हे खरंच आहे. पण त्याआधीची पन्नास वर्षं दोन प्रकारचे कायदे त्या देशाचा पाया हळूहळू बदलत होते. एक होता बाहेरून येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावरच्या कराचा. दुसरा होता बाहेरून आणलेल्या मजुरांचा. शाळेत आपण हे दोन वेगळ्या पुस्तकांत शिकतो, कर अर्थशास्त्रात आणि मजूर इतिहासात. हवाईत मात्र ती एकाच दोरीची दोन टोकं होती. म्हणून आज दोन्ही एकत्र बघू.

आधी कराचं टोक. आयात कर म्हणजे काय, हे आपल्या बडोद्यात कुणाला फार समजावून सांगायला नको. गुजरातमधल्या शहरांची जकात २००७ साली गेली, तरी वेशीवरच्या चौकाला आपण अजून जकात नाकाच म्हणतो. शहराने आपल्या दारात माल अडवायचा, पैसे घ्यायचे आणि मग आत सोडायचा. देशाच्या बंदरावर हेच मोठ्या प्रमाणावर होतं. लहान देशासाठी तर बंदरावरचा कर हा तिजोरी भरण्याचा सर्वांत सोपा मार्ग. प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात जावं लागत नाही, धक्क्यावर एक कचेरी असली की झालं.

पण हा कर ठरवायचा कुणी? राजाने, असं आपल्याला वाटतं. १८३९ च्या जुलैमध्ये लाप्लास नावाचा फ्रेंच कप्तान आपली युद्धनौका घेऊन होनोलुलूला आला. कॅथलिक धर्मप्रचारकांना मोकळीक द्या, २०,००० डॉलर अनामत म्हणून द्या, नाहीतर तोफा डागतो, अशी त्याची मागणी होती. राजा तिसरा कामेहामेहा याने ती मान्य केली. त्याच मुक्कामात आणखी एका करारावर सही झाली. त्यातल्या एका कलमानुसार फ्रेंच माल, विशेषतः वाइन आणि ब्रँडी, यांच्यावर हवाईला बंदी घालता येणार नव्हती आणि पाच टक्क्यांपेक्षा जास्त करही लावता येणार नव्हता. आपल्या प्रजेने दारू पिऊ नये म्हणून राजा प्रयत्न करत होता, तेव्हाची ही गोष्ट आहे. दहा वर्षांनी, १८४९ मध्ये, फ्रेंच पुन्हा आले. या वेळीही तक्रारींच्या यादीत ब्रँडीवरचा कर होता. त्यांनी होनोलुलूच्या किल्ल्याची मोडतोड केली आणि जाताना राजाचं जहाज घेऊन गेले.

थोडक्यात, या देशाचे कर देशात ठरत होते, पण ते किती असावेत यावर समुद्रातल्या तोफांचं लक्ष होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता दुसरं टोक, माणसांचं. कॅप्टन कुक १७७८ साली हवाईला पोचला तेव्हा तिथे लाखोंची वस्ती होती. परदेशी जहाजांबरोबर गोवर, देवी, इन्फ्लुएंझा आले. या रोगांशी तिथल्या शरीरांची ओळखच नव्हती. १८५३ च्या जनगणनेत सगळ्या बेटांवर मिळून सुमारे ७३,००० माणसं मोजली गेली. १८७२ मध्ये हा आकडा ५७,००० च्या आत आला. गावंच्या गावं ओस पडली.

नेमक्या याच काळात उसाचे मळे वाढू लागले. १८४८ पासून जमिनीची जुनी व्यवस्था मोडून खाजगी मालकी आली आणि १८५० मध्ये परदेशी माणसांना जमीन विकत घ्यायची परवानगी मिळाली. मळे उभे राहिले, मालक बहुतेक अमेरिकन आणि युरोपियन. ऊस म्हटलं की मजूर आलेच. कोल्हापूर-सांगलीकडचे नातेवाईक असतील तर त्यांना विचारा, तोडणीच्या हंगामात टोळी आली नाही की उभ्या उसाचं काय होतं. हवाईत माणसंच कमी होत चालली होती, आणि जी होती त्यांना स्वतःचं तारोचं शेत आणि मासेमारी सोडून दुसऱ्याच्या मळ्यात दिवसभर राबायची हौस नव्हती.

यावर उपाय म्हणून जून १८५० मध्ये कायदा आला. नाव साधं, ‘मालक आणि नोकर’ कायदा. त्याने मजुराशी काही वर्षांचा लेखी करार करायला मान्यता दिली, परदेशात झालेला करारही हवाईत लागू होईल असं ठरवलं. इथपर्यंत ठीक. खरी मेख पुढे होती. मजूर काम सोडून गेला तर न्यायाधीश त्याला पकडून आणून मालकाच्या ताब्यात देऊ शकत होता आणि जितके दिवस तो गैरहजर होता त्याच्या दुप्पट दिवस काम करायला लावू शकत होता. काम करायला नकारच दिला तर तुरुंग, सक्तमजुरीसह, तो ‘हो’ म्हणेपर्यंत. मालकाने छळ केल्यास त्याला दंड आणि मजुराची सुटका, अशीही तरतूद होती. कागदावर दोन्ही बाजू होत्या. पण परक्या भाषेतल्या कोर्टात मालकाविरुद्ध छळ सिद्ध करणं आणि मजुराची गैरहजेरी सिद्ध करणं, या दोन्हींत सोपं काय ते सांगायला नको. त्या वर्षी मळेवाल्यांनी आपली शेतकी सोसायटी काढली. तिचे पहिले अध्यक्ष होते विल्यम ली. हेच गृहस्थ राज्याचे सरन्यायाधीशही होते.

पहिली मोठी तुकडी ३ जानेवारी १८५२ ला होनोलुलूत उतरली. ‘थेटिस’ नावाच्या जहाजातून चीनच्या अमॉय बंदरातून सुमारे दोनशे मजूर आले. करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला ३ डॉलर, शिवाय जेवण, कपडे आणि राहायची जागा. आणि त्याच वर्षी हवाईचं नवं संविधान आलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की या राज्यात गुलामगिरी कोणत्याही परिस्थितीत खपवून घेतली जाणार नाही, आणि कुठलाही गुलाम या भूमीवर पाय ठेवताच मुक्त होईल. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत लाखो माणसं गुलाम होती. त्या मानाने हवाईचं संविधान फारच पुढारलेलं. पण त्याच बेटावर त्याच वर्षी सही केलेल्या माणसाला, काम नको म्हटल्यावर, तुरुंग दाखवता येत होता.

मग ही गुलामगिरी होती का? नव्हती. मजुराला विकता येत नव्हतं, मुदत संपली की तो सुटत होता, त्याची मुलं मालकाची नव्हती. बरेच चिनी मजूर करार संपल्यावर तांदळाची शेती करू लागले, दुकानं काढली, हवाईयन मुलींशी लग्नं केली. पण हा आपल्या ओळखीचा करारही नव्हता. फरक कुठे आहे, ते माझ्या पिढीला पटकन कळेल. बीई झाल्यावर पहिल्या नोकरीत मीही दोन वर्षांच्या बाँडवर सही केली होती. मुदतीआधी सोडलं तर अमुक इतके रुपये भरा. आमच्या बॅचमधल्या कितीतरी जणांनी हेच केलं. तेव्हा ते फार जाचक वाटायचं. पण सोडलं असतं तर वाद पैशांचा झाला असता. कंपनीचा माणूस पोलिसांना घेऊन आमच्या वाडीत आला नसता आणि कुठलंही कोर्ट ‘चल, त्याच खुर्चीत बसून कोड लिही’ असं म्हणालं नसतं. करार मोडणं हा दिवाणी मामला असतो, फौजदारी नाही, ही आज आपल्याला इतकी साधी गोष्ट वाटते की ती मिळवावी लागली हेच आपण विसरतो. आपल्याकडेही १८५९ साली इंग्रजांनी असाच कायदा केला होता. आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला त्याखाली तुरुंगात टाकता येत होतं आणि आसामच्या चहाच्या मळ्यांवर तो भरपूर वापरला गेला. तो रद्द व्हायला १९२० चं दशक उजाडावं लागलं.

पुन्हा हवाईकडे. १८६४ च्या शेवटी सरकारने मजूर आणण्याचं काम स्वतःकडे घेतलं आणि त्यासाठी इमिग्रेशन बोर्ड नेमलं. बोर्डाने डॉ. विल्यम हिलेब्रँड या जर्मन डॉक्टरांना आशियात पाठवलं. ते वनस्पतिशास्त्रज्ञही होते. चीन, हिंदुस्थान असं फिरून ते मजुरांचा शोध घेत होते आणि सोबत झाडं आणि पक्षीही गोळा करत होते. उसावर पडणाऱ्या अळ्या खाव्यात म्हणून त्यांनी हिंदुस्थानातून एक पक्षी नेला. आपली साळुंकी! आज हवाईच्या रस्त्यारस्त्यांवर ती दिसते. हिंदुस्थानातून मजूर मात्र गेले नाहीत. का, ते पुढे सांगतो.

१८६८ मध्ये जपानमधून सुमारे दीडशे जण आले. पगार ४ डॉलर, करार तीन वर्षांचा. जपानमध्ये तेव्हा सत्तांतर चालू होतं आणि नव्या सरकारची परवानगी न घेताच त्यांना जहाजात बसवलं होतं. त्यांतले बरेच जण शहरात वाढलेले, उसाच्या मळ्याची सवय नसलेले. तक्रारी मायदेशी पोचल्या, जपानने आपला प्रतिनिधी पाठवला आणि चाळीसेक जण मुदतीआधी परत गेले. त्यानंतर सतरा वर्षं जपानने आपल्या माणसांना हवाईला जाऊ दिलं नाही.

इथपर्यंत मळे वाढत होते, पण बेताने. मोठी अडचण होती अमेरिकेच्या दारातली. हवाईच्या साखरेचं मुख्य गिऱ्हाईक सॅन फ्रान्सिस्को, आणि अमेरिका परदेशी साखरेवर पाउंडामागे साधारण दोन सेंट कर घेत असे. तो कर गेला तर मळेवाल्यांचं नशीब उघडणार होतं. राजा कालाकाउआ १८७४ च्या शेवटी स्वतः वॉशिंग्टनला गेला, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना भेटला. पुढच्या वर्षी करार झाला आणि सप्टेंबर १८७६ पासून लागू झाला. हवाईची कच्ची साखर आणि तांदूळ अमेरिकेत करमुक्त. बदल्यात अमेरिकेची यंत्रं, लाकूड, कापड आणि इतर बराच माल हवाईत करमुक्त. शिवाय एक अट: हवाईने आपलं कुठलंही बंदर किंवा जमीन अमेरिकेखेरीज दुसऱ्या देशाला द्यायची नाही.

आता यातली गंमत बघा. कर गेला म्हणून सॅन फ्रान्सिस्कोतल्या गृहिणीला साखर स्वस्त मिळाली का? नाही. अमेरिकेला लागणाऱ्या साखरेत हवाईचा वाटा लहान होता. बाकीची साखर क्यूबा वगैरे ठिकाणांहून कर भरून येत होती आणि बाजारभाव त्या साखरेवर ठरत होता. हवाईचा मळेवाला त्याच भावाने विकायचा, फक्त त्याला कर भरावा लागत नव्हता. म्हणजे अमेरिकन सरकारने सोडलेला पैसा जवळजवळ सगळा मळेवाल्याच्या खिशात. परिणाम आकड्यांत दिसतो. १८७५ मध्ये हवाईची साखर निर्यात सुमारे अडीच कोटी पाउंड होती. १८९० मध्ये ती सव्वीस कोटी पाउंडांच्या आसपास गेली. पंधरा वर्षांत दहापट. क्लॉस स्प्रेकल्स हा सॅन फ्रान्सिस्कोचा साखरसम्राट आधी कराराच्या विरोधात होता. करार होतोय हे दिसताच तो जहाजाने हवाईला आला, माउई बेटावर जमीन आणि पाणी मिळवलं आणि काही वर्षांत राजाला कर्ज देण्याइतका मोठा झाला.

दहापट साखर म्हणजे कितीतरी जास्त हात. कराचं टोक ओढलं की माणसांचं टोक ताणलं जाणारच. १८७८ पासून माडेरा आणि अझोर्स बेटांवरून पोर्तुगीज कुटुंबं आली. त्यांच्यासोबत आलेल्या छोट्या तंतुवाद्यातूनच हवाईचं ‘उकुलेले’ तयार झालं. चिनी मजूर हजारोंनी आले, मग ते फार झाले अशी ओरड सुरू झाली आणि त्यांच्यावर निर्बंध आले. १८८१ मध्ये कालाकाउआ जगाच्या सफरीवर निघाला आणि मजूर मिळवणं हा त्या सफरीचा एक उघड हेतू होता. त्याच्याबरोबर इमिग्रेशन खात्याचा आयुक्तच होता. राजा जपान, चीन, सयाम करत कलकत्त्याला उतरला आणि तिथून रेल्वेने मुंबईला येऊन पुढे इजिप्तकडे गेला.

हिंदुस्थानातून मजूर नेण्याचा विचार होता, पण ब्रिटिश सरकारची अट आड आली. आमचे प्रजाजन जिथे जातील तिथे त्यांच्यावर आमच्या अधिकाऱ्याची देखरेख राहील, असं त्यांचं म्हणणं. हवाईत ब्रिटिशांचं असं वजन वाढणं अमेरिकेला मुळीच चालणार नव्हतं. बेत बारगळला. म्हणून आज मॉरिशसमध्ये मराठी आडनावं आहेत, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी आहे आणि हवाईत ते नाही. मॉरिशस ब्रिटिशांची वसाहत असल्याने मुंबई बंदरातून रत्नागिरी आणि आसपासची माणसं तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेली. तिथलं चित्रही सुखाचं नव्हतं. एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांचा पगार कापायचा, असा तिथला नियम होता. ‘दुप्पट’ हा शब्द दोन्ही बेटांच्या मळेवाल्यांना आवडत असावा.

अखेर जपान तयार झाला, पण या वेळी आपल्या अटींवर. ८ फेब्रुवारी १८८५ ला ‘सिटी ऑफ टोकियो’ जहाजातून साडेनऊशेच्या आसपास जपानी स्त्री-पुरुष-मुलं होनोलुलूत उतरली. पुरुषाला महिन्याला ९ डॉलर आणि जेवणाचे ६ वेगळे, बाईला ६ आणि जेवणाचे ४. तीन वर्षांचा करार, महिन्याला २६ दिवस काम, शेतात दहा तास आणि कारखान्यात बारा. काही महिन्यांतच मारहाणीच्या तक्रारी गेल्या, तेव्हा जपानने अधिकारी पाठवून चौकशी केली आणि १८८६ मध्ये दोन सरकारांत रीतसर करार झाला. त्यात मजुरांची जबाबदारी हवाई सरकारने घेतली. १८९४ पर्यंत या व्यवस्थेत सुमारे २९,००० जपानी आले.

१८५२ चे ३ डॉलर आणि १८८५ चे ९ अधिक ६ यांत फरक कशाचा? मळेवाले दयाळू झाले नव्हते. मजुरांची गरज वाढली होती हे एक कारण. दुसरं, मजुराच्या पाठीशी एक सरकार उभं होतं, जे त्याची तक्रार ऐकून जहाजाने अधिकारी पाठवत होतं. अमॉयच्या त्या दोनशे जणांच्या मागे कुणीही नव्हतं. अर्थात तुरुंगाचं कलम जपान्यांनाही लागू होतंच. मळ्यांवर मजुरांना नंबर कोरलेला धातूचा बिल्ला मिळे, त्याला ‘बांगो’ म्हणत. पगाराच्या दिवशी नावाऐवजी तो नंबर पुकारला जाई.

हा सगळा खर्च कुणी केला? मळेवाल्यांनी काही भाग उचलला, पण मजूर आणण्यासाठी विधिमंडळ सरकारी तिजोरीतूनही पैसे मंजूर करत होतं. तिजोरीत पैसा कुठून येई? बराचसा बंदरावरच्या करातून. म्हणजे होनोलुलूतला साधा हवाईयन माणूस बाहेरून आलेला माल घेताना जो कर भरत होता, त्यातून मळेवाल्यांसाठी मजूर येत होते. आणि मळे वाढत होते तसं त्याचं स्वतःचं मत आणि वजन कमी होत होतं.

१८८७ मध्ये हे उघड झालं. साखर करार वाढवून हवा असेल तर अमेरिकेला पर्ल हार्बरवर हक्क हवा होता. राजा नाखूष होता. त्या जुलैमध्ये मळेवाले आणि व्यापारी यांच्या गटाने सशस्त्र स्वयंसेवकांच्या जोरावर राजाकडून नव्या संविधानावर सही घेतली. लोक त्याला ‘संगिनीचं संविधान’ म्हणतात. राजाचे बहुतेक अधिकार गेले. मतदानासाठी संपत्तीची अट आली, त्यात गरीब हवाईयन बाहेर पडले. चिनी आणि जपानी लोकांना मतदान नाहीच, ते नागरिक झालेले असले तरी. उलट अमेरिकन आणि युरोपियन रहिवासी मात्र आपलं मूळ नागरिकत्व न सोडता मत देऊ शकत होते. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत करार वाढला आणि पर्ल हार्बरचा हक्क अमेरिकेकडे गेला.

मग आला शेवटचा धक्का, आणि तो पुन्हा कराचाच. १८९० मध्ये अमेरिकेने मॅकिन्ली टॅरिफ मंजूर केला. त्याने सगळ्याच देशांच्या कच्च्या साखरेवरचा कर काढून टाकला आणि अमेरिकेतल्या साखर उत्पादकांना पाउंडामागे दोन सेंट अनुदान दिलं. १८९१ च्या एप्रिलपासून हे लागू झालं. हवाईशी केलेला करार अमेरिकेने मोडला का? अजिबात नाही. हवाईची साखर करमुक्तच राहिली. फक्त क्यूबाचीही झाली, त्यामुळे हवाईला मिळणारा फायदा एका रात्रीत नाहीसा झाला. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतो, ते हेच. एक पीक, एक गिऱ्हाईक, आणि दुसऱ्याच्या संसदेतलं एक कलम. राजाला तोफांची भीती होती. पण १८३९ मध्ये जे करायला युद्धनौका लागली, त्याहून मोठं काम या वेळी एका दूरच्या कायद्याच्या कागदाने केलं.

मळे तोट्यात जाऊ लागले. काहींना सोपं उत्तर दिसलं: हवाईच अमेरिकेत गेलं तर आपली साखर परदेशी राहणारच नाही. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी नवं संविधान आणून राजसत्तेचे आणि हवाईयनांचे अधिकार परत मिळवू पाहत होती, तेव्हा एका छोट्या गटाने अमेरिकन युद्धनौकेवरून उतरलेल्या सैनिकांच्या सावलीत १७ जानेवारीला सत्ता घेतली. गंमत म्हणजे काही बडे मळेवाले विलीनीकरणाला कचरत होते, स्प्रेकल्स तर विरोधातच होता. कारण? अमेरिकेने १८८५ मध्येच परदेशातून करारावर मजूर आणण्यावर बंदी घातली होती. अमेरिकेत गेलो तर साखर सुटेल, पण मजूरही सुटतील! दोरीची दोन्ही टोकं एकाच वेळी हातात ठेवता येणार नाहीत हे त्यांना नीट कळलं होतं.

१८९८ मध्ये अमेरिकेने हवाई घेतलं. त्या ठरावावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष होते विल्यम मॅकिन्ली, ज्यांच्या नावाचा तो टॅरिफ होता तेच. १४ जून १९०० पासून अमेरिकन कायदे लागू झाले आणि तुरुंगाच्या धाकावरचे करार रद्द झाले. त्या एका वर्षात मळ्यांवर वीसहून जास्त संप झाले. पन्नास वर्षं ‘समाधानी’ म्हणून सांगितलेले मजूर दार उघडताच काय बोलले, ते यातून कळतं. पण ज्या दिवशी मजूर मोकळा झाला, तोवर देश गेलेला होता. हवाईयन माणसाच्या दृष्टीने हा हिशेब फार वेगळा आहे. १९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने राज्य उलथवल्याबद्दल माफीचा ठराव केला. जमीन किंवा राज्य परत आलं नाही.

मंडळी, हे सगळं मी आज का सांगितलं? आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी बाहेर आहे किंवा निघालंय. आखातात, अमेरिकेत, युरोपात. आजचं आयटीचं काम आणि १८८५ चा उसाचा मळा यांची बरोबरी मी करणार नाही, तो त्या मजुरांचा अपमान होईल. पण कायद्याची एक रचना अजून ओळखीची आहे. अमेरिकेत एच-१बीवर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरी कंपनी शोधायची किंवा निघायचं. आखातात कित्येकांचं राहण्याचं परमिट मालकाशी जोडलेलं असतं. काम सोडलं तर देश सोडावा लागू शकतो. ‘नाही’ म्हणण्याची किंमत किती, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

म्हणून घरात कुणी ऑफर लेटर घेऊन आलं की पॅकेजच्या आकड्याचे पेढे जरूर वाटा, पण तीन प्रश्नही विचारा. काम सोडलं तर नेमकं काय होतं? पासपोर्ट आणि परमिटचे कागद कुणाच्या हातात राहतात? आणि वाद झाला तर आपल्या बाजूने कोण उभं राहील? तिसरा प्रश्न आपण सहसा विचारतच नाही. १८५२ आणि १८८५ मधला फरक मात्र मुख्यतः त्याच प्रश्नात होता.

तुमच्या नात्यात किंवा ओळखीत कुणाचे पूर्वज मॉरिशसला किंवा दुसऱ्या कुठल्या बेटावर करारावर गेले असतील आणि घरात त्यांच्या आठवणी किंवा कागद जपलेले असतील, तर नक्की कळवा. पुढे कधीतरी याच सदरात त्यावर लिहू. तोवर, भेटत राहू.